नरहरभट जोशी अक्षता देत नाहीत

परवा ठाण्यास एका सभेत भिक्षुकांना शिव्या देण्याचा कार्यक्रम झाला. मी मागच्या बाकावर होतो. वक्ते एकामागून एक उठले, भटांनी देश बुडवला असे सांगते झाले, आणि खाली बसताना ज्याने त्याने आपली पगडी सारखी केली. टाळ्या झाल्या. भिक्षुकांना शिव्या द्यायला माझी ना नाही; मी स्वतः त्या छापून फुकट वाटल्या आहेत. पण टाळ्या वाजवणारे ते हात पाहता पाहता मला कल्याणचे नरहरभट जोशी आठवले, आणि डोके असे तापले की आभार मानायच्या आत मी उठून बाहेर आलो. या माणसाबद्दल कुठल्याही सभेत कुणी बोलणार नाही. तेव्हा मी लिहितो. कुणाला झोंबले तर झोंबू द्या.

चरित्र लिहीत नाही. ते कोणत्या साली जन्मले हे मला ठाऊक नाही आणि त्यांनाही नक्की ठाऊक असेल असे वाटत नाही. कल्याणात पारनाक्याजवळ त्यांचा ओटा होता. घर होते असे म्हणवत नाही. ओटा मोठा, मागे दोन अंधाऱ्या खोल्या. गावातल्या काही ठराविक घरांचे जोशीपण त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत आलेले. म्हणजे त्या घरांत मुंज, लग्न, श्राद्ध काय असेल ते यांनीच करायचे; दुसऱ्या भटाने तिथे मंत्र म्हणायचा तर आधी यांची संमती हवी. ठेंगणा, रुंद माणूस. एका डोळ्यात फूल पडलेले, त्यामुळे पंचांग वाचताना मान तिरकी करीत, आणि बोलतानाही ती तशीच राही. ऐकणाऱ्याला वाटे, हा आपल्याकडे संशयाने पाहतो आहे. बहुतेक वेळा ते खरेच असे.

संध्याकाळी ओट्यावर मंडळी जमत. मामलेदार कचेरीतले दोन-तीन कारकून, भाताचा एक व्यापारी, एक पेन्शनर मास्तर. ठाण्याच्या छापखान्यातून सुटलो की आठवड्यातून एकदा मीही, कारण माझी आत्या त्याच आळीत राहते. चहा प्यावा का, विलायती साखर खावी का, बायकोने नवऱ्याबरोबर रस्त्याने चालावे का, असल्या गोष्टींचा तिथे रोज निकाल लागे. नरहरभटांचे मत विचारण्याच्या आधी तयार असायचे.

छत्रीविषयी त्यांचे म्हणणे असे: "छत्रीनं धर्म बुडत नाही. पण उन्हात दोघं चाललेत आणि छत्री एकावरच आहे, तर तो एकटाच चाललाय असं समजावं." आगगाडीविषयी: "गाडीत कुणाला शिवलात म्हणून घरी येऊन आंघोळ करता, बरं करता, अंग तरी धुतलं जातं. पण तिकीट देणाऱ्या साहेबाची जात विचारून तिकीट घेत नाही, ते का?" वर्तमानपत्राविषयी: "ते वाचून येणारा राग जेवणापर्यंतसुद्धा टिकत नाही."

आणि सगळीच मते अशी चांगली नव्हती हेही सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी देव्हारा मांडतो आहे. मुलींना वाचता यावे, पण लिहिता येऊ नये, असे ते खुशाल म्हणत. का, तर लिहिलेले पुरावा होते. विधवेच्या पुनर्विवाहाचे नाव काढले की उठून आत जात. बालविवाह त्यांना गैर वाटत नसे. "माझं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा, ही सहाची. मांडवात आम्ही दोघं एकाच लाडवासाठी भांडलो." हे ऐकून मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हे मत झालं. घरी काय करतोस?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. कुणी काही मोठे बोलला की हा त्याच्या पुढ्यात ठेवत. एकदा पेन्शनर मास्तरांनी उपासतापास हे थोतांड आहे यावर घटकाभर भाषण केले.

"हे मत झालं," नरहरभट म्हणाले. "घरी एकादशीला काय असतं?"

"वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी."

"खाता?"

"घरातल्यांच्या समाधानासाठी बसतो पानावर."

"किती वाट्या समाधान करता?"

मास्तर आठवडाभर ओट्यावर आले नाहीत. मग आले, कारण दुसरा ओटा नव्हता.

त्यांच्या धंद्यातली एकच वस्तू त्यांना जिवापाड प्रिय, ती म्हणजे घटिका. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि घटकेने बुडते. लग्नामुंजीचा मुहूर्त तिच्यावर मोजायचा. आता साहेबी घड्याळे आली आहेत, पण नरहरभट घटिकेपाशी बसले की पापणी हलवत नसत. एका मामलेदाराच्या मुलाच्या मुंजीत मुंबईची पाहुणेमंडळी गाडी चुकल्याने खोळंबली. मामलेदार येऊन हळूच म्हणाला, "जोशीबुवा, जरा थांबवा ते भांडं."

"भांडं थांबवतो. सूर्य थांबवायचा हुकूम मात्र आपल्या सहीनं द्या."

मुंज वेळेवर लागली. पाहुणे जेवायला पोचले. मामलेदाराने दक्षिणेत जे कमी करायचे ते केले.

मी या माणसाविरुद्ध एक पत्रक लिहिले होते. त्यांच्याविरुद्ध म्हणजे सगळ्याच वंशपरंपरागत जोशीपणाविरुद्ध: भटाला घरे वाटून दिलेली असावीत, जशी गुरे बांधायला दावणी, यजमानाला आपला भट निवडण्याची मुभा नसावी, ही कुठली रीत? आजही त्यातला शब्द न् शब्द मी मागे घेत नाही. पत्रक त्यांच्या हाती पडले तेव्हा त्यांनी ते ओट्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मग मला म्हणाले, "तिसऱ्या पानावर माझ्याबद्दल लिहिलंस ते खोटं आहे. चौथ्या पानावरचं खरं आहे, पण ते तुला माहीत नसताना लिहिलंस." एवढे बोलून कागदाची घडी केली आणि डगमगणाऱ्या पाटाच्या पायाखाली सारली.

आता मुख्य गोष्ट.

ठाण्यातल्या ज्या सुधारक सभेचा मी तेव्हा सभासद होतो, तिचे अध्यक्ष तिथलेच एक नामांकित वकील. त्यांचे नाव घेत नाही. ठाण्यात त्यांना नुसते रावसाहेब म्हटले की पुरते. स्त्रीशिक्षणावर त्यांच्याइतके सुंदर कुणी बोलत नसे. मी स्वतः त्यांची भाषणे उतरवून घेऊन छापली आहेत. पन्नाशीला टेकलेले. दुसरी बायको गेली, आणि तिचे वर्षही उलटले नव्हते तोच कळले की रावसाहेबांनी कल्याणच्या सखारामपंत कारकुनाची मुलगी पक्की केली. मुलगी दहा वर्षांची. नाव ठकी.

मला वाटले सभेत आग लागेल. काय झाले? अभिनंदनाचा ठराव झाला! का, तर रावसाहेब हुंडा घेत नव्हते. शिवाय मुलीला घरी मास्तरीण ठेवून शिकवणार होते. एका सभासदाने तर सांगितले की एका अज्ञानी मुलीचा उद्धार होतो आहे. मी उठून विचारले, मुलीचा उद्धार करायचा तर तिला दत्तक का घेत नाही? मला खाली बसवण्यात आले.

सखारामपंत ओट्यावरच्या मंडळींपैकी. गरीब स्वभावाचा, मिंधा माणूस. बायको उमाबाई सहा महिने घरात रडत होती, असे माझी आत्या सांगे. सखारामपंत मुहूर्त विचारायला आले तेव्हा मी ओट्यावरच होतो. त्यांनी दोघांच्या पत्रिका पुढे ठेवल्या. नरहरभटांनी मान तिरकी करून वराची पत्रिका वाचली, वयापाशी थांबले आणि दोन्ही कागद त्यांच्याकडे परत सरकवले.

"मुहूर्त आहे. आषाढी एकादशीच्या आत शेवटचा चांगला दिवस निघतो. पण हे लग्न मी लावणार नाही."

"जोशीबुवा, तुम्हीच म्हणता ना, मुलगी लहानपणीच उजवावी?"

"म्हणतो. दोन मुलांचं लग्न लावणं वेगळं. इथं मूल एकच आहे."

सखारामपंतांचा चेहरा पडला. "मग मी कुणाला बोलवू?"

"माझ्या घरी दुसरा कोण येतो ते बघा," नरहरभट म्हणाले. हे 'माझ्या घरी' म्हणजे सखारामपंतांच्या घरी.

आणि तेव्हा मला उमगले. संतापानेच उमगले. ज्या हक्काला मी दावण म्हटले होते, ज्यावर मी शाई सांडली होती, तोच हक्क आता त्या पोरीच्या आणि रावसाहेबांच्या मध्ये उभा होता. दुसरे काहीच नव्हते. कायदा नव्हता. बाप नव्हता. आमची सभा तर नव्हतीच. रीत अशी की आमच्या भागातला कोणीही भट दुसऱ्याच्या यजमानाच्या मांडवात मंगलाष्टक म्हणायचा तर आधी त्या घरच्या जोशाच्या हातून अक्षता घेतो. त्या अक्षता म्हणजे संमती. त्या मिळाल्या नाहीत तर तो पाऊल टाकत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्यांना एक युक्ती सुचवली. घटिकेपाशी बसायचा मान तुमचा. ती बुडायच्या थोडे आधीच बुडाली म्हणा, मुहूर्त हुकला म्हणा, कुणाला कळणार आहे?

त्यांनी वाटी उचलून माझ्यापुढे ठेवली.

"मला 'नाही' म्हणायचंय," ते म्हणाले. "ते मी वाटीच्या तोंडून कशाला म्हणू? मला तोंड आहे."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड सकाळच्या गाडीने ठाण्याहून उतरले. बरोबर वाजंत्री, आणि बरोबर ठाण्याचा एक तरणा भटजी, रावसाहेबांनीच आणलेला. मांडवावर पाऊस गळत होता. नरहरभट सोवळे नेसून आले, सगळ्यांसमोरून चालत घटिकेपाशी जाऊन बसले आणि वाटी पाण्यावर सोडली. अक्षतांचे ताट त्यांनी आपल्या मांडीशी ओढून घेतले.

"घटिका मोजणं माझं काम आहे, ते करीन," ते म्हणाले. "मंगलाष्टक म्हणणार नाही. अक्षता देणार नाही."

ठाण्याचा भटजी पुढे आला. हात पसरून उभा राहिला. नरहरभटांनी मूठभर अक्षता उचलल्या आणि मूठ मिटून घेतली.

रावसाहेब मुंडावळ्यांतून बोलले. वकिलाचा आवाज तो, मुंडावळ्यांनी थोडाच दबतो. "जोशीबुवा, ही जबरदस्ती आहे. कायदा मला माहीत आहे. मी कुणाकडूनही लग्न लावून घेऊ शकतो. तुमची दक्षिणा तुमच्या घरी पोचेल."

"मी कुणाचा हात धरलेला नाही. माझाच हात मिटून बसलोय. त्याला कुठलं कलम?"

"मी या मुलीला शिकवणार आहे. तुमच्या सात पिढ्यांत शिकली नसेल कुणी, तितकी."

"शिकवा की. शिकवायला लग्न कशाला लागतं? गावातले मास्तर काय पोरांशी लग्नं लावून शिकवतात?"

मांडवात कुणीतरी हसले. मग बरेच जण हसले. रावसाहेबांनी ठाण्याच्या भटजीकडे पाहून हात झटकला, म्हणजे चल, म्हण. तो भटजी मात्र हलेना. त्याने नरहरभटांच्या मुठीकडे पाहिले, मग रावसाहेबांकडे. शेवटी म्हणाला, "रावसाहेब, आज मी यांचं मोडलं तर उद्या ठाण्यात माझी घरं कोण राखील?" आणि उपरणे सावरून मांडवाच्या कडेला जाऊन उभा राहिला. धर्माने नव्हे, दयेने नव्हे. पोटाच्या भीतीने एक पोर वाचली. हे लिहिताना मला लाज वाटते ती त्याची नाही, आमची.

वाटी बुडाली. "मुहूर्त गेला," नरहरभट म्हणाले. कुणीतरी गोरज मुहूर्ताची गोष्ट काढली, की संध्याकाळी लावू. "गोरज आहेच," ते म्हणाले, "मीही आहेच." संध्याकाळपर्यंत ते त्या पाटावरून उठले नाहीत. पाणीही प्यायले नाहीत. दिवेलागणीला वऱ्हाड स्टेशनाकडे गेले.

आत गौरीहरापुढे ठकी सकाळपासून उपाशी बसली होती. माझी आत्या तिच्याजवळ होती, तिने सांगितले. बाहेर गलका वाढला तसे पोरीने विचारले, "झालं का गं लग्न?" आत्या म्हणाली, "नाही झालं." "मग भात वाढा," पोर म्हणाली, आणि दोनदा मागून जेवली.

चातुर्मास लागला. चार महिने लग्ने बंद. त्या चार महिन्यांत उमाबाईच्या तोंडात शब्द आले. जन्मात नवऱ्याला उलट न बोललेली ती बाई सखारामपंतांना म्हणाली, "जोशांनी अक्षता दिल्या नाहीत. मी मुलगी देणार नाही." आता तिच्या मागे कुणीतरी होते. सखारामपंत गप्प बसले. गप्प बसण्याची त्यांना सवयच होती.

आणि आमच्या सभेने काय केले? पावसाळ्यातल्या बैठकीत ठराव मांडला: भिक्षुकांच्या अरेरावीचा ही सभा तीव्र निषेध करते. अध्यक्षस्थानी रावसाहेब! निषेधाला आधार म्हणून कुणाचे पत्रक वाचले? माझे! माझीच वाक्ये, तीच दावण, तीच गुरे. मी ओरडलो, तेव्हा मला सांगितले की तत्त्व आणि व्यक्ती यांत गल्लत करू नये. मी सभासदत्व तिथेच टाकून आलो. तत्त्व! एका बाजूला एक माणूस, ज्याची मते सनातनी, आणि जो दिवसभर कोरड्या घशाने पाटावर बसला. दुसऱ्या बाजूला मते छापील, गुळगुळीत, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या घरी बाशिंग बांधून हजर. यांतला सुधारक कोण ते मला कुणीतरी ठराव करून सांगावे.

गावाने नरहरभटांना उघड वाळीत टाकले नाही. कल्याणकर तसे शहाणे. एकेका घराने श्राद्धाला दुसरा भट बोलावला, आणि प्रत्येक वेळी तो भट रीतीप्रमाणे यांच्याकडे अक्षता मागायला आला. यांनी प्रत्येकाला दिल्या. "श्राद्धाला कसली हरकत? मेलेल्या माणसाचं आता काय नुकसान करणार तुम्ही?" मंडळी ओट्यावरून हळूहळू पांगली. मास्तर तेवढे येत. एकदा आतून काशीबाई, त्यांची बायको, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "जगाच्या पोरी राखल्यात, आता आपली चूल कोण राखतो ते बघा."

"हे मात्र खरं," नरहरभट म्हणाले. त्यावर त्यांना दुसरे मत नव्हते. खाडीपलीकडच्या आगरी गावांत लग्नाच्या तारखा काढून द्यायला ते जाऊ लागले. पूर्वी ते लोक इकडे येत. आता हे होडीतून तिकडे जात.

तुळशीचे लग्न झाले, लग्नसराई उघडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ठाण्याच्या कोर्टाच्या आवारात मला कळले की रावसाहेबांचे लग्न झाले. पनवेलास. मुलगी अकराची. हुंडा न घेता. मी त्याच पावली कल्याणास गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. कुणाजवळ तरी ओरडायचे होते.

ते घरी नव्हते, बंदरावर होते. होडी सुटायच्या बेतात, आणि ते पंचांग बगलेत धरून फळीवर बसलेले. मी काठावरून सांगितले. ओरडूनच सांगितले. नरहरभटांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे मुहूर्त टळला नाही," ते म्हणाले. "मुलगी बदलली."

मी रावसाहेबांना, सभेला, पनवेलच्या त्या बापाला, सगळ्यांना शिव्या दिल्या. त्यांनी त्या ऐकल्या असे वाटले नाही.

"लावलं कुणी?"

"तिथल्याच जोशानं."

"घरचा जोशी?"

"हो. घरचाच."

होडीवाला आगरी खोळंबला होता, खाडीचे पाणी ओसरू लागले होते. "बोवा, व्हटी लागली. बसताव का उतरताव?"

नरहरभट उठले. "तुझ्या घरी सांग, तारीख उद्या काढतो. उद्याचा दिवसही वाईट नाही." आणि ते होडीतून सरळ चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंत पाय रुतले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

"कुठं निघालात?"

"पनवेलला."

"आता जाऊन काय होणार? लग्न लागून गेलं."

"रावसाहेब मागणारच. बाप देणारच. माणसं आहेत तशी आहेत. पण तो जोशी हो का म्हणाला? त्याच्या हातात अक्षता होत्या." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. "त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. मला बघू दे त्याला, आणि त्याला बघू दे मला. पुन्हा त्याच्याकडे असा कुणी आला, म्हणजे त्याला मी आठवलो पाहिजे."

"बैलांची दमणी सांगतो. मीही येतो."

"तू नको. तू भांडशील. मला बोलायचंय."

बाजारातून ते तसेच गेले. सोवळ्याओवळ्याचा एवढा माणूस, पण चिखलाचे पाय धुवायला थांबले नाहीत. दुतर्फा दुकाने, त्यांतली अर्धी त्यांच्या जुन्या यजमानांची. एका दुकानदाराने बसल्या बसल्या विचारले, "काय जोशीबुवा, कुणीकडे?"

"जोशाकडे," ते म्हणाले, आणि पनवेलच्या रस्त्याला लागले.